थोमाचे आठ दिवस

ताई गेली २०२१ च्या एप्रिलमध्ये. त्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला होता. उपासनेला मोजकीच माणसं, तीही अंतर राखून बसलेली, आणि ताई तिकडे कोविड वॉर्डात. ड्युटीवर चढण्याआधी तिनं आईला फोन करून ईस्टरचा सलाम केला, आईनं ठरलेलं उत्तर दिलं, आणि मग बोलणं नेहमीच्या ‘जेवली का, झोपली का’वर आलं. महिना संपायच्या आत ती त्याच वॉर्डात पेशंट म्हणून दाखल झाली आणि परत आली नाही. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसापर्यंतचा काळ आम्ही पुनरुत्थानाचा सण म्हणून पाळतो. त्या सणातच आम्ही तिला पुरलं.

पुरलं म्हणायचं, पण त्यात आमचा हात कुठं होता? पिशवीची चेन उघडून एकदा तोंड दाखवा, एवढंच आईचं मागणं होतं. सरकारी नियमावलीत तशी सोय होती, हे मला पुढं कळलं. हात न लावता, लांबून पाहू देता येत होतं. त्या रात्री तिथं जे होते त्यांनी परवानगी नाही म्हणून सांगितलं. त्या दिवसांत तेही उभ्या उभ्या भिंतीला टेकून झोपत होते, त्यांच्याही घरात माणसं जात होती. आता त्यांच्यावर राग नाही. तेव्हा होता, आणि पुष्कळ होता.

खड्डा नेहमीपेक्षा खोल होता. किटमधल्या चौघांनी दोरांवरून ती पिशवी खाली सोडली. पाळकसाहेबांनी लांबून, मास्कमधूनच शास्त्रपाठ वाचला. वाऱ्यामुळं निम्मा ऐकू आला, निम्मा नाही. आई फाटकाबाहेर रिक्षात बसून होती. तिला उतरू दिलं नाही. मूठमाती कुणालाच देता आली नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की काय काय होतं, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना या न झालेल्या गोष्टींचं वजन कळायचं नाही. घरच्या बायका देहाला अंघोळ घालतात, पांढरी साडी नेसवतात, केस विंचरून वेणी घालतात, हातात लहानसा क्रूस देतात. पेटी उघडी ठेवतात. रात्रभर गाणी चालतात. उपासना संगीताची पानं सुटलेली पुस्तकं हातोहात फिरतात, कुणीतरी हार्मोनियम आणतं, कुणी ढोलकी. गल्लीतले हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजारी चहाची किटली घेऊन येतात आणि पहाटेपर्यंत बसतात. सकाळी झाकण लावायच्या आधी एकेक जण पुढं येऊन शेवटचं पाहून घेतो. कबरीपाशी प्रत्येकाच्या हातून माती पडते. ज्या धर्माची सगळी आशा हा देह पुन्हा उठेल यावर आहे, तो धर्म देहाला असा सांभाळून, नीटनेटका करून मातीत ठेवतो. आम्ही ताईला तसं ठेवलं नाही. एक प्लास्टिकची पिशवी जमिनीखाली गेली आणि तिच्यात ताई आहे, हे आम्ही दुसऱ्यांच्या सांगण्यावरून मान्य केलं.

आणि ही तीच ताई, जिनं आयुष्यभर दुसऱ्यांचे देह सांभाळले होते. वाशीमच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकली, मग सरकारी नोकरीत लागली, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटावरच्या आणि घाटाखालच्या कितीतरी दवाखान्यांत तिच्या बदल्या झाल्या. लग्न केलं नाही. कारण विचारलं की विषय बदलायची. नखं कायम कापलेली, घड्याळ मनगटावर न बांधता गणवेशाला उलटं टाचलेलं, अंगाला स्पिरिटचा वास. जीभ तिखट होती. पेशंटच्या पायथ्याशी नुसते बसून मोबाइल पाहणाऱ्या नातेवाइकांना ती उठवून कामाला लावायची. ‘बापाचे पाय चेपा, मोबाइल पळून जात नाही’ हे तिचं वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा तिनं मला त्याचा फोटो पाठवला आणि ‘हे संपलं की जाऊ’ असं लिहिलं. जायचं राहून गेलं.

दर रविवारी उपासनेत उभं राहून आम्ही विश्वासांगीकार म्हणतो. लहानपणापासून तोंडपाठ. त्यात शेवटाकडे देहाच्या पुनरुत्थानाचं वाक्य येतं. ताई गेल्यानंतर मंडळीची दारं उघडली, आम्ही पुन्हा बाकांवर बसू लागलो, आणि त्या वाक्याशी येऊन माझे ओठ मिटायला लागले. आधीचं म्हणायचो, पुढचं म्हणायचो. मधलं एक वाक्य सोडून द्यायचो. देव नाही, असं मला वाटत नव्हतं. पण त्या खोल खड्ड्यातून, त्या बंद चेनमधून काही उठणार आहे, हे मी तोंडानं म्हणू शकत नव्हतो. रोज वर्गात मुलांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या माणसानं देवळात उभं राहून न पटणारं बोलावं, हे मला जमेना.

भेटायला येणारे जे बोलत, त्यानं जखम चिघळायची. देवानं आपल्या बागेतलं चांगलं फूल खुडलं, म्हणायचे. त्याला तिची गरज होती, म्हणायचे. मला चीड यायची. त्याला गरज होती, आणि वॉर्डातल्या तीस खाटांना नव्हती? लोक वाईट मनाचे नव्हते, पण शोक करणाऱ्या घरात जाऊन देवाची बाजू मांडू नये, असं माझं आजही ठाम मत आहे. बेथानीला लाजाराच्या कबरीशी येशूनं काय केलं? घटकाभरात लाजार उठणार आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी तो आधी रडला. ज्याच्या हातात उत्तर होतं तो रडला, आणि ज्यांच्या हातात काहीच नाही ते उत्तरं वाटत फिरतात.

आईच्या मात्र लक्षात आलं होतं. ती माझ्या शेजारीच उभी असायची. एका रविवारी घरी येताना म्हणाली, ‘काहून रे, तेवढंच वाक्य काहून गिळतं तू?’

मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर पाळकसाहेबांना बोलावून माझ्यासाठी प्रार्थना घेईल. तिनं दोन्ही केलं नाही. ‘थोमाले आठ दिस लागले,’ ती म्हणाली. ‘तुले जास्त लागतीन. लागू दे. पण तो खोलीतून उठून गेला नाई, हे ध्यानात ठेव.’

आई चौथी शिकलेली. पण थोमावर इतकी वर्षं जी प्रवचनं ऐकली, त्यांतल्या एकाही उपदेशकाला हे दिसलं नव्हतं. योहानाच्या शुभवर्तमानात थोमाची गोष्ट आहे. बाकीच्या शिष्यांना उठलेला प्रभू दिसला तेव्हा थोमा नेमका तिथं नव्हता. आल्यावर त्यानं सरळ सांगितलं की खिळ्यांच्या खुणांत बोट आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. मग आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला तेव्हा थोमा त्यांच्यात होता. मधले आठ दिवस कसे गेले असतील? दहा माणसं आनंदानं वेडी झालेली, आणि त्यांच्यातच हा एक, जेवणाच्या पंगतीला बसणारा, गाणी ऐकणारा आणि मनातून काहीही न पटलेला. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. तोही रुसून गेला नाही. शुभवर्तमान त्या आठ दिवसांबद्दल काहीच सांगत नाही. ते दिवस माझ्या वाट्याला आले होते. आणि परंपरा असं सांगते की इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि पुढं मैलापूरला ज्याचं रक्त सांडलं, तो हाच थोमा. आपल्या देशाच्या वाट्याला बारा जणांतला शंका घेणाराच यावा, याचं मला त्या दिवसांत फार समाधान वाटायचं.

मग मी बसून राहिलो. उपासनेला जायचो, वाक्य सोडायचो, आणि घरी येऊन पुनरुत्थानाचे अध्याय पुन्हा पुन्हा वाचायचो. पूर्वी ते अध्याय मी ईस्टरच्या आनंदात वाचले होते. मेलेल्या माणसाच्या घरातून वाचताना ते वेगळेच दिसले. पहिली गोष्ट म्हणजे त्यांत कुणीच आशेनं कबरीकडे जात नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट तर असा आहे की बायका थरथर कापत पळाल्या आणि भीतीनं कुणाला काही बोलल्या नाहीत. तिथंच संपलं. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं आशा सोडून गावी परत चालले होते. मरीया मग्दालिया रिकामी कबर पाहून आनंदली नाही. देह कुणी पळवला, म्हणून रडत बसली. देहच सापडत नाही, ही तिची तक्रार होती. तिची तक्रार मला कळत होती.

त्या बायका पहाटे कबरीकडे कशाला निघाल्या होत्या? सुगंधी द्रव्यं लावायला. शुक्रवारी घाईघाईत पुरावं लागलं होतं, शब्बाथ सुरू होत होता, देहाचं करायचं ते नीट झालं नव्हतं. राहिलेलं काम पुरं करायला त्या उजाडताच निघाल्या. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. हे ताईचं काम होतं. पुनरुत्थानाची बातमी जगात सगळ्यात आधी ज्यांना कळली, त्या कुणी मोठ्या श्रद्धेच्या बायका म्हणून तिथं गेल्या नव्हत्या. मेलेल्या माणसाची शेवटची शुश्रूषा करायला गेलेल्या बायका होत्या त्या.

तरी ओठ उघडत नव्हते.

दफनाच्या वेळी पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचतात. बी मेल्याशिवाय जिवंत होत नाही, हा दाखला त्यात आहे. मी चिखली तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. मृग बरा लागला म्हणून पेरायचं आणि मग पावसानं तोंड फिरवायचं, हे आम्ही किती वेळा पाहिलं. बाबा तासात बसून बोटानं माती उकरायचे, सोयाबीनचा दाणा काढून दोन बोटांत दाबून पाहायचे. दाणा पिचला की काही न बोलता धोतराला हात पुसायचे आणि दुबार पेरणीचं बी उधारीवर कुठं मिळेल त्याच्या शोधात निघायचे. पेरलं म्हणजे उगवतंच, असं बुलढाणा जिल्ह्यात कुणी शपथेवर सांगणार नाही. म्हणून पौलाचा दाखला मला कुचकामी वाटायचा. शहरात वाढलेल्या माणसाचा दाखला, असं मी मनात म्हणायचो.

आईला एकदा हे बोलून दाखवलं. तिनं पौलाला सोडलं आणि आपल्या आजीची गोष्ट काढली. ती मी लहानपणी ऐकली होती, पण कानाआड केली होती. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला आमच्याकडे छपन्नाचा म्हणतात, त्यानं वऱ्हाड पार धुऊन नेलं होतं. आईची आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. आईबापाबरोबर अन्नाच्या शोधात निघालेली. वाटेत आधी बाप पडला, मग आई. पुढं ती मिशनच्या अनाथालयात वाढली, शिकली, तिथंच तिचं लग्न झालं. आमचं घर ख्रिस्ती झालं ते असं. त्या वर्षांत ज्या मुलांना मिशननं उचललं, त्यांच्यापासून वऱ्हाडातली कितीतरी ख्रिस्ती घरं सुरू झाली. मोठ्या वादविवादातून, ग्रंथ वाचून ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींसारख्या विद्वानांच्या कथा पुस्तकांत आहेत. आमची सुरुवात वाटेवर टाकून द्याव्या लागलेल्या प्रेतांपासून झाली.

‘माह्या आजीच्या मायबापाले तं कबरच भेटली नाई,’ आई म्हणाली. ‘मूठमाती नाई, गाणं नाई, काहीच नाई. तरी ते उठतीन, असं ती म्हणे. देवाले त्यायचा पत्ता मालूम नाई का?’

त्या म्हातारीनं ज्या जागी आईबापाला सोडलं ती जागाही तिला पुन्हा सापडली नसती. आणि तिनं हे वाक्य सत्तर वर्षं म्हटलं. मला ताईची कबर कुठं आहे ते माहीत होतं. तिथं जाऊन बसता येत होतं.

याच सुमारास मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा हातात घेतलं. शाळेत त्यांच्यावर दोन परिच्छेद शिकवतो, त्यात त्यांचं दुःख येतच नाही. दक्षिणेतल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतरानं आधी वडील, मग आई, मग बहीण गेली. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी कॉलऱ्यानं गेले. मांडीवर मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तोही डोळे मिटून नव्हे. त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या इंग्रज बायकांशी पत्रांतून कडाक्याचे वाद घालत राहिल्या. पुढं त्यांनी स्वतःच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! थोमाच्या आठ दिवसांपेक्षा मला ती जवळची वाटली. आणि त्यानंतर दुःख संपलं म्हणावं, तर तेही नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. एकुलती एक, आईचं सगळं काम जिच्या हाती जायचं होतं ती. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या शेवटच्या टप्प्यावर होत्या. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात मिशनातल्याच बायका खिळे जुळवत होत्या. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ईस्टर अकरा दिवसांवर होता.

मुलीला मातीत ठेवून आलेली बाई मरीयेची, मार्थेची, नाईनच्या विधवेची गोष्ट मुद्रितावर पुन्हा तपासते, काना-मात्रा पाहते. या चित्रानं मला जे दिलं ते कुठल्या पुराव्यानं दिलं नसतं. विश्वास म्हणजे मनात शंका नसणं, अशी माझी समजूत होती. रमाबाईंच्या आयुष्यात तो हातातलं काम न सोडण्याच्या रूपात दिसला.

आणि देहाबद्दल जो माझा अडसर होता त्याबाबत रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण उपयोगी पडली. ते ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. आपल्या देहाला अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. तेव्हाच्या ख्रिस्ती समाजाला हे पचायला जड गेलं असणार. पण ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलेल्या या कवीला आपल्या हाडांच्या भरवशावर उठायचं नव्हतं.

मग वॉर्डातले मामा भेटले.

ताईच्या फंडाच्या कागदांसाठी मी एका कचेरीत गेलो होतो. बाहेर टपरीवर चहा घेताना एक गृहस्थ जवळ आले. पन्नाशीचे, गळ्यात तुळशीची माळ. ‘तुमी सिस्टरचे भाऊ ना? चेहऱ्यावरून वाटलं.’ ते त्या वॉर्डात कामाला होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. दर वर्षी पायी शेगावला जाणारा माणूस. त्यांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली, जणू इतके दिवस कुणाला सांगावं हेच त्यांना कळत नव्हतं.

कोविड वॉर्डात पेशंट गेला की पुढचं सगळं पटापट करावं लागे, ते म्हणाले. खाट रिकामी व्हायची वाट पाहत दुसरा पेशंट दारात असायचा. पण सिस्टर घाई करू द्यायच्या नाहीत. ओल्या गॉजनं तोंड पुसायच्या. डोळे मिटवायच्या, जबड्याला पट्टी बांधायच्या, हातपाय सरळ करायच्या. पिशवीत ठेवल्यावर चेन ओढायच्या आधी मनगटावरची चिठ्ठी वाचून त्या माणसाचं पूर्ण नाव मोठ्यानं घ्यायच्या. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. मग सांगायच्या की आता तुम्हाला इथून नेतो आहोत. मगच चेन. ‘पहिल्यांदा आमाले वाटलं, सिस्टरचं डोकं फिरलं. एवढे मरून राह्यले, माणूस फिरणारच. मंग सवय झाली. मंग वाटाया लागलं का हे केल्याबिगर चेन लावली तं पाप लागीन.’

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

‘सिस्टर गेल्या त्या राती मीच होतो. दुसऱ्या एक सिस्टर होत्या. तोंड पुसलं. पट्टी बांधली. आमाले सगळ्याइले सिस्टर म्हणायचीच सवय, नाव कोणाले ठावं? मी चिठ्ठी पाह्यली. नाव घेतलं, वडलाच्या नावासकट. मोठ्यानं घेतलं. सांगितलं, सिस्टर, आता तुमाले नेतो.’

मी तिथं रडलो. रस्त्यावर, टपरीपुढं, लोकांदेखत. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि योहानाचा विसावा अध्याय काढून माझ्यापुढं ठेवला. वाच म्हणाली. मरीया मग्दालिया रडते आहे. समोर येशू उभा आहे आणि तिला तो माळी वाटतो. तो तिच्याशी बोलतो, तरी तिला कळत नाही. मग तो तिचं नाव घेतो, फक्त नाव, आणि ती वळते. इतक्या वेळा वाचलेला अध्याय. लाजाराच्या वेळीही असंच आहे. कबरीच्या तोंडाशी उभं राहून येशू त्याला नावानं हाक मारतो, मोठ्यानं.

मामांच्या सांगण्यानं काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. ताई नाव ऐकून उठली नाही. पण मी वर्षभर मनात जे घेऊन फिरत होतो ते बंद चेनचं चित्र होतं, आणि ते खोटं नसलं तरी अपुरं होतं. चेनच्या आधी एक ओला गॉज होता, एक पट्टी होती, एका माळकरी माणसाचा आवाज होता. आम्हाला जे करता आलं नाही ते झालं होतं. ताईनं परक्यांसाठी केलं तेच एका परक्यानं तिच्यासाठी केलं. तिला नावाशिवाय कुणी मातीत ठेवलं नव्हतं. एक थकलेला वॉर्डबॉय मेलेल्या माणसाला नावानं हाक मारल्याशिवाय सोडत नाही, तर ज्यानं तिला घडवलं तो तिला हाकेशिवाय तिथं पडू देईल, हे मला पटेना. शंका आता उलट्या बाजूनं येऊ लागली.

मग पौलाकडे परत गेलो. तो अध्याय करिंथच्या मंडळीतल्याच लोकांसाठी लिहिलेला आहे. बाहेरच्यांसाठी नाही. त्यांच्यातले काही जण म्हणत होते की मेलेले उठत नाहीत. म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीस वर्षं होत नाहीत तोच मंडळीत माझ्यासारखी माणसं होती आणि पौल त्यांना भाऊ म्हणून पत्र लिहीत होता. उठलेला प्रभू ज्यांनी पाहिला त्यांची तो यादी देतो, पेत्रापासून स्वतःपर्यंत, पाचशे जणांचा उल्लेख करतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असं सांगतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमच्याइतके कीव करण्याजोगे आम्हीच, हेही तोच सांगतो. आणि बियाच्या दाखल्यात एक गोष्ट मी वाचूनही वाचली नव्हती. उगवण्याचा जोर बियात आहे असं पौल म्हणत नाही. देव त्याला देह देतो, असं म्हणतो. बाबांच्या बोटांत पिचलेल्या दाण्यात काही राहिलं नव्हतं. ताईच्या देहातही राहिलेलं नाही. उठणं तिच्याकडून व्हायचं नाहीच. तिला उठवलं जाणार आहे. आमच्या दुबार पेरणीच्या मुलखातल्या माणसाला हा दाखला नीट समजायला हवा होता, कारण पीक आपल्या हातात नाही हे आमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

२०२२ मध्ये ईस्टर १७ एप्रिलला आला. आदल्या दिवशी आम्ही कबरस्तानात गेलो. गाजरगवत उपटलं, कबरींना चुना दिला. काही कबरींवरची नावं पुसट झाली आहेत. त्या कुणाच्या, हे सांगू शकणारी एक-दोनच म्हातारी माणसं उरली आहेत. आईला खुर्ची देऊन बसवलं तर ती बसल्या बसल्या सांगत होती, ही अमक्याची सासू, ही बाळंतपणात गेलेली, हे पोर गोवरानं गेलं. एकेक नाव. पोरं काळ्या रंगानं पुन्हा अक्षरं काढत होती. ताईच्या कबरीवर आईनं झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस काढला. हात कापत असल्यानं एक बाजू वाकडी झाली, ती तिनं तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कबरस्तानातच उपासना सुरू झाली. बुलढाण्याकडची एप्रिलची पहाट, दिवसा कितीही ऊन असलं तरी त्या वेळी हवा जरा बरी असते. कबरींवर मेणबत्त्या. पाळकसाहेबांनी विश्वासांगीकार सुरू केला आणि मी म्हणत गेलो. ते वाक्य आलं, आणि मी म्हटलं. आवाज मोठा नव्हता. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचा हात माझ्या हातावर आला.

तेव्हापासून ते वाक्य मी सोडलेलं नाही. सगळं सोपं झालं, असं मात्र कुणी समजू नये. एप्रिल लागला की अजून झोप उडते. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की वर्गातलं वाक्य अर्धं राहतं. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, म्हणून थोमाला त्या दाखवता आल्या. माझ्या विश्वासालाही ताईचं जाणं चिकटलेलं आहे आणि ते वेगळं काढता येईल, असं मला वाटत नाही.

आई २०२४ च्या पावसाळ्यात गेली. घरी, आपल्या खाटेवर, आमच्या सगळ्यांच्या देखत. बायकांनी तिला अंघोळ घातली, वेणी घातली, रात्रभर गाणी झाली. झाकण लावायच्या आधी मी तिचं पूर्ण नाव घेतलं, आणि तिच्या आजीचंही घेतलं. मामा मेहकरकडून पावसातून आले होते. त्यांनी मूठभर माती टाकली आणि हात जोडले.

कोविडच्या त्या दोन वर्षांत तुमच्यापैकी पुष्कळांनी आपलं माणूस तोंड न पाहता दिलं आहे. मग ते मातीत गेलं असेल किंवा अग्नीत. तुमची श्रद्धा कुठली हे मी विचारत नाही. माझं एकच सांगणं आहे. शेवटच्या घटकेला तुमच्या माणसाजवळ कुणीतरी होतं. नर्स असेल, वॉर्डातल्या मावशी असतील, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, नाहीतर स्मशानातला नगरपालिकेचा कामगार. ती माणसं अजून कामावर आहेत, पण लवकरच निवृत्त होतील, गावी जातील, मग सापडणार नाहीत. त्यांना शोधा आणि विचारा. आणि तुम्ही स्वतःच त्या माणसांपैकी असाल, तर ज्यांचं आठवतं त्यांच्या घरी जा. दारात उभे राहून सांगा, मी तिथं होतो. ते लोक वाट पाहत आहेत.